यकृतावरील मेद : दोष कोणाचा?

वार्षिक आरोग्यतपासणी ही नोकरदार माणसाच्या आयुष्यातील आता नित्याची बाब झाली आहे. तपासणीचा अहवाल हाती येतो तेव्हा तो वाचण्याची एक ठरलेली रीत असते. प्रथम साखर पाहिली जाते, मग कोलेस्टेरॉल. ती दोन्ही मर्यादेत असली की सुटकेचा निःश्वास टाकला जातो. परंतु अलीकडे त्या कागदावर आणखी तीन ओळी ठळक अक्षरांत छापून येऊ लागल्या आहेत. सोनोग्राफीत यकृतावर मेद, रक्तात ट्रायग्लिसराइडचे वाढलेले प्रमाण आणि एसजीपीटी व एसजीओटी या यकृतातील विकरांचे वाढलेले आकडे, अशा या तीन ओळी होत. दुखत काही नाही, खुपत काही नाही, आणि तरीही शरीरातील एका मोठ्या इंद्रियाचा कारभार बिघडल्याची ती लेखी सूचना असते.

एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीत काम करणारा ४४ वर्षांचा लेखनिक कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. त्याचे वजन ७२ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइड २८६, एसजीपीटी ७८ आणि एसजीओटी ४८ आहे. तो दारूच्या थेंबाला शिवलेला नाही. घरी अहवाल दाखविताच पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही बाहेर काही घेता की काय?' आपल्या समाजात यकृत आणि मद्य यांची जोडी इतकी पक्की बसली आहे की, निर्व्यसनी माणसालाही या आजाराची लाज वाटते. तो अहवाल कपाटात ठेवतो, ओळखीच्या दुकानातून यकृताचे 'टॉनिक' आणतो आणि विषय संपवितो. खरे पाहता विषय तेथे सुरू व्हावयास हवा.

एकाच साखळीचे तीन दुवे

हे तीन दोष वेगवेगळे नाहीत. यकृत हे शरीराचे कोठार आहे. जेवणातून आलेल्या पिष्टमय पदार्थांपैकी काही भाग ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते. परंतु या साठ्याला मर्यादा आहे. ती ओलांडली की उरलेल्या पिष्टाचे आणि साखरेचे यकृतात मेदात रूपांतर होऊ लागते. साध्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याचा निचरा मुख्यत्वे यकृतालाच करावा लागतो. त्यातच पोटाचा घेर वाढलेला असला आणि इन्शुलिनचा प्रभाव मंदावला असला, तर शरीरातील मेदपेशीही आपला मेद रक्तात सोडतात व त्याचाही ओघ यकृताकडे वळतो. हा वाढावा यकृत ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात पाठविते, म्हणून रक्तातील आकडा वाढतो. जो पाठविता येत नाही तो यकृताच्या पेशींत साचतो. आणि त्या भाराने पेशींना इजा होऊ लागली की त्यांतील विकरे रक्तात झिरपतात, म्हणून एसजीपीटी वाढते. आवक, साठा आणि गळती असा हा सरळ हिशेब आहे.

निरोगी यकृतात मेदाचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असते. ते त्याहून वाढले म्हणजे लगेच अनर्थ ओढवतो असे नाही. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत हा दोष पुढची पायरी गाठीत नाही. काहींच्या यकृतात मात्र दाह सुरू होतो, दाहातून व्रण पडतात, व्रणांचे जाळे वाढत जाऊन यकृत कठीण होते आणि त्यातून सिऱ्होसिस व क्वचित कर्करोगही उद्भवतो. ही वाटचाल वर्षानुवर्षांची आणि निःशब्द असते. पहिल्या टप्प्यातून परत फिरता येते. शेवटच्या टप्प्यावर यकृताचे प्रत्यारोपण एवढाच मार्ग उरतो, आणि त्याचा लाखो रुपयांचा खर्च पगारदार कुटुंबाला पेलणारा नसतो.

म्हणून भीती आणि बेफिकिरी या दोन्ही टाळून आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे जाणून घेणे महत्त्वाचे ठरते. सोनोग्राफीतील 'ग्रेड' हा मेदाच्या साठ्याचा ढोबळ अंदाज आहे. व्रण किती पडले हे त्यावरून कळत नाही. विकरांचे आकडे मर्यादेत असले म्हणजे यकृत निर्दोष आहे असेही नाही. व्रणांचा प्राथमिक अंदाज घेण्यासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि रक्तातील बिंबिका म्हणजे प्लेटलेट यांवरून 'फिब-४' नावाचा निर्देशांक काढतात. वयाला एसजीओटीने गुणावे, आणि प्लेटलेटची हजारांतील संख्या व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने त्यास भागावे, इतके ते साधे गणित आहे. आपल्या लेखनिकाच्या प्लेटलेट २ लाख १० हजार असतील, तर त्याचा निर्देशांक १.१४ येतो. हा आकडा १.३ पेक्षा कमी असल्यास गंभीर व्रणांची शक्यता कमी, आणि २.६७ च्या पुढे गेल्यास तज्ज्ञाकडे जाणे निकडीचे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मधल्या आकड्यांसाठी यकृताचा कठीणपणा मोजणारी फायब्रोस्कॅन ही तपासणी आहे. वाढलेल्या विकरांमागे कावीळ 'ब' किंवा 'क' चे विषाणू अथवा एखादे औषध नाही ना, याचीही खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावयास हवी. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तेथे केवळ पथ्यावर विसंबून चालत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. या आजाराच्या रुग्णांचे मृत्यू यकृतापेक्षा हृदयविकाराने अधिक होतात. म्हणून रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्याकडे लक्ष देणे हा यकृताच्या उपचाराचाच भाग आहे. विकरे वाढली या भीतीने कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करणारे लोक एका संकटापासून पळताना दुसरे ओढवून घेतात. अशा रुग्णांना स्टॅटिन वर्गातील औषधे सामान्यतः चालतात. ती थांबविण्याचा निर्णय डॉक्टरांचाच असला पाहिजे. उलट, 'नैसर्गिक' म्हणून घेतलेल्या चूर्ण-काढ्यांबाबत कोणी शंकाही घेत नाही. २०२१ मध्ये मुंबईतील काही डॉक्टरांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद काही असो. आधीच भार सोसणाऱ्या यकृतावर अपरिचित द्रव्यांचा प्रयोग करू नये, एवढा धडा त्यातून घेण्यास हरकत नाही.

सडपातळ देहातील मेद

मद्य न पिणाऱ्यांना हा आजार होतो, याची वैद्यकशास्त्राने ठळक नोंद घेतली ती १९८० मध्ये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वीस रुग्णांचे वर्णन करून या दाहाला नाव दिले. त्या नावातही 'मद्यविरहित' हा शब्द होताच. आजार काय नाही, एवढेच ते सांगत होते. २०२३ मध्ये जगभरातील तज्ज्ञांनी ते बदलून चयापचयाच्या बिघाडाशी निगडित असे नवे नाव स्वीकारले. रुग्णाच्या माथ्यावरील अकारण कलंक पुसला जावा, हाही त्यामागील एक हेतू होता. मात्र मद्य या आजारात निरुपद्रवी आहे, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. मेद साचलेल्या यकृताला थोडे मद्यही परवडणारे नाही.

तरीही एक कोडे उरते. हा लठ्ठांचा आजार म्हणावा, तर आपल्याकडे तो सडपातळ दिसणाऱ्यांतही का आढळतो? या प्रश्नाचे मोलाचे उत्तर पुण्याने जगाला दिले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचा वजन-उंची निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतून १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात हेच वैशिष्ट्य नवजात अर्भकांतही दिसले. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपल्या बाळांत कमी पडले होते ते स्नायू. मेद मात्र बऱ्याच अंशी टिकून होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी मातांनी आपल्या लेकरांना काटकसरीचे शरीर दिले. टंचाईत ते तगते. परंतु सुबत्ता येताच, तीही बसल्या कामाची आणि गोडधोडाची सुबत्ता येताच, ते शरीर गोंधळते. म्हणूनच आपल्याकडे निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन अधिक समजतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरतात.

ज्या देशात मुले कुपोषित आहेत तेथे यकृतावरील मेदाची चर्चा ही सुखवस्तूंची चैन आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर येथेच मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे होते. हे दोन भिन्न देश नव्हेत. ही एकाच दारिद्र्याची दोन वये आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर मर्यादेबाहेर आढळला, तर ८१.२ टक्क्यांच्या रक्तातील मेदांत काही ना काही दोष होता. यकृतावरील मेदाचे प्रमाण केंद्र सरकारच्याच म्हणण्याप्रमाणे निरनिराळ्या पाहण्यांत ९ ते ३२ टक्के इतके आहे. एवढ्या लोकांनी एकाच वेळी संयम सोडला, असे मानणे कोणत्याही विचारी माणसाला अवघड जावे.

स्वस्त काय आणि महाग काय?

येथे प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेतून अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो. माणूस काय खातो हे त्याची जीभ जितके ठरविते, तितकेच त्याचा खिसा आणि त्याची वेळ ठरविते. घरखर्चाच्या पाहण्यांनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सुमारे २२ टक्के वाटा तृणधान्यांचा होता. २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांच्याही खाली आला. त्याच वर्षी पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांवरील खर्च ग्रामीण भागात साडेनऊ टक्क्यांच्या पुढे, तर शहरात साडेदहा टक्क्यांच्या पुढे होता. धान्याच्या दुप्पट किंमत आज घरोघरी चहा, बिस्किटे, फरसाण आणि पुड्यांतील खाऊ यांस मोजली जाते. आणि तरीही २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतूनच येते. भात, मैदा आणि साखर स्वस्त. डाळी, भाजी आणि फळे त्या मानाने महाग. अशा बाजारात बेताच्या पगाराचा माणूस आपली भूक कशाने भागविणार?

महाराष्ट्राचे साखरेशी असलेले नाते तर अधिकच गुंतागुंतीचे आहे. एके काळी साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थकारणाला नवे वळण मिळाले. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये या कारखान्यांच्या आधाराने उभी राहिली. ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु उसाला कायद्याने ठरलेला दर आणि हमखास गिऱ्हाईक आहे; तूर, मूग, ज्वारी पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला तितकी खात्री नाही. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. उत्सव झाला, पण भाकरी ताटात परतण्यासाठी तिला रेशन दुकानात आणि शेतमालाच्या खरेदीतही नियमित जागा मिळावयास हवी.

करांच्या बाबतीतही हीच विसंगती दिसते. सप्टेंबर २०२५ च्या वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत बिस्किटांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणि फरसाणावरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. ग्राहकाला दिलासा मिळाला, हे खरे. परंतु ज्या पदार्थांचा उपभोग कमी व्हावा असे आरोग्य खाते सांगते, तेच अर्थ खात्याने स्वस्त केले. गोड पेयांवर ४० टक्के कर ठेवण्यात आला. पण तो साखरेच्या प्रमाणानुसार बदलत नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये पेयातील साखरेच्या प्रमाणाशी कर जोडला आणि उत्पादकांनी आपण होऊन साखर कमी केली. चिलीने २०१६ पासून वेष्टनांवर काळ्या अष्टकोनी इशाऱ्याची सक्ती केली. आपल्याकडे मात्र २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी ताऱ्यांची श्रेणी सुचविली गेली. धोका सांगावयाचा असताना तारे देणे, हा ग्राहकशिक्षणाचा विचित्रच प्रकार म्हटला पाहिजे.

पाच कप चहाचा हिशेब

याचा अर्थ व्यक्तीने हात जोडून बसावे असा मुळीच नाही. धोरणे बदलेपर्यंत यकृत थांबणार नाही. आपल्या लेखनिकाचाच हिशेब करावा. कचेरीत आणि घरी मिळून दिवसाला पाच कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ही ५० ग्रॅम साखर झाली. वर्षाकाठी ती सव्वाअठरा किलो भरते, आणि यात सणासुदीचा एकही लाडू धरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास असावी. चहा सोडावयाचा नाही. चमचे मोजावयाचे आहेत. बिनसाखरेच्या कॉफीची तर यकृताला मदतच होत असावी, असे अनेक पाहण्या सुचवितात.

उपवासाचीही तीच कथा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू आणि वर केळ्याचे शिकरण असा बेत असेल, तर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण यकृताला अक्षरशः लागू पडते. परंपरेतील लंघनाचा हेतू पाळला, तर तोच दिवस उपयोगी ठरू शकेल.

वजनाचे गणितही सुबोध आहे. शरीराचे वजन ५ टक्के कमी झाले तर यकृतातील मेद घटतो, ७ ते १० टक्के घटल्यास दाह ओसरण्याची शक्यता वाढते, आणि १० टक्क्यांच्या पुढे व्रणही सुधारू लागतात. ७२ किलोच्या माणसासाठी पहिले उद्दिष्ट फक्त ३.६ किलोचे आहे, अखेरचे ७.२ किलोचे. ते महिन्यात साधावयाचे नसून वर्षभरात साधावयाचे आहे. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरविणे यकृताला बाधक ठरू शकते. ताटात भात-पोळीचा वाटा कमी, डाळ-उसळीचा व भाजीचा अधिक, रात्रीचे जेवण लवकर, आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, ही त्याची साधी सामग्री आहे. सडपातळ माणसाने तर स्नायू वाढविणाऱ्या व्यायामाकडे विशेष लक्ष द्यावे. नवी औषधेही येत आहेत. रेस्मेटिरॉमला २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडला २०२५ मध्ये या आजारातील दाह व व्रणांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. परंतु ती व्रण वाढलेल्या निवडक रुग्णांसाठी आहेत आणि आहार-व्यायामासोबतच घ्यावयाची आहेत.

मात्र हा उपदेश ज्याला करावयाचा, त्याचा दिवस कसा जातो हेही पाहिले पाहिजे. कल्याणहून वा विरारहून पहाटेची लोकल गाठणारा आणि रात्री नऊला घरी परतणारा माणूस लवकर केव्हा जेवणार? त्याच्या आधी उठून डबा करणारी, स्वतः नोकरी करणारी आणि उरलेसुरले अन्न वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलणारी गृहिणी केव्हा चालणार, आणि कोठे? पदपथांवर दुकाने, मैदानांवर इमारती आणि शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाचा तास केवळ कागदावर, अशी स्थिती असताना 'चाला' हा सल्ला देणाऱ्याला तरी अवघडल्यासारखे व्हावयास हवे.

या बाबतीत काहीच घडलेले नाही असे नव्हे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांत साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. ही पावले योग्य दिशेची आहेत. आता त्यांना अर्थसंकल्पाचे आणि करधोरणाचे बळ मिळावयास हवे. कर साखरेच्या ग्रॅमवर लावावा आणि त्याचे उत्पन्न माता-पोषणासाठी राखून ठेवावे. डाळींना रेशनवर स्थान द्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात कमरेचे माप व फिब-४ ची नोंद नित्याची व्हावी. यांतील एकही मागणी राज्याला अशक्य नाही.

तोवर शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आपापल्या जागी बरेच काही करू शकतात. कचेरीतील चहा बिनसाखरेचा येऊन साखर वेगळी ठेवली जावी, वाढदिवसाच्या केकऐवजी फळे यावीत, वसतिगृहाच्या खानावळीत रोज एक उसळ असावी, यासाठी कोणत्याही अध्यादेशाची गरज नाही. आणि ज्याच्या अहवालात त्या तीन ओळी ठळक छापल्या आहेत, त्याने तो कागद लाजेने कपाटात ठेवू नये. यकृत हे झीज भरून काढणारे इंद्रिय आहे, आणि या टप्प्यावर त्याला सावरण्यास अजून अवधी आहे. तो अहवाल घेऊन त्याने डॉक्टरकडे जावे, घरच्यांना तो वाचून दाखवावा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावा.